सहा स्टुलं, चौदा नियम

कपाला कान लावणं हे काम लांबून बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. ओलसर कप डाव्या हातात, ओलसर कान उजव्या हातात, मध्ये मातीच्या घट्ट घोळाचा ठिपका, दाबलं की झालं. करून बघणाऱ्याची मात्र पहिल्याच दिवशी चांगली जिरते. जोरात दाबलं तर कपच वाकडा होतो, हळू दाबलं तर वाळताना कान सुटतो, आणि अगदी बेताचं दाबलंय असं वाटलं तरी भट्टीतून येताना सांध्याशी केसाएवढा तडा घेऊन येतो. अशा कपाला टिचकी मारली की तो खणखणत नाही, भद्द वाजतो. मग त्याची रवानगी बाद मालाच्या ढिगात.

कपांच्या त्या कारखान्यात नव्या माणसांना कान लावायला शिकवायचं काम बावीस वर्षं एकाच बाईकडे होतं. अख्खा कारखाना तिला मावशी म्हणे. खरं तर ती मावशी एकीचीच होती, आणि सगळा घोटाळा नेमका त्या एकीनेच करून ठेवला.

ती एक म्हणजे खडू. लहानपणी हाताला खडू लागला की घरभर फरशीवर आकडे लिहीत सुटायची आणि उरलेला तुकडा चघळायची, म्हणून हे नाव. आईवडिलांच्या बदल्या सारख्या होत, शाळेचं भजं होऊ नये म्हणून सहाव्या वर्षी तिला मावशीकडे ठेवलं, ती तिथलीच झाली. मावशीला मूलबाळ नव्हतं, तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, गप्पांना कुणीतरी हवंच होतं, त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. पुढे खडू संख्याशास्त्र शिकली आणि त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात लागली. तिथे तिला आकडेबाई म्हणू लागले. घरी खडू ती खडूच.

नवे साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ही शिकवणी चार दिवस चालते. चार दिवस माणूस बसून शिकतो, एक कप पुढे जात नाही. उपयोग काही होतो का? मला आकड्यांत दाखवा."

खडूला मनातून उकळ्या फुटल्या. मावशीच्या शिकवणीचा उपयोग होतो हे काय सांगायला हवं? पण सांगता येतंय तर सांगू, असं म्हणून तिने तीन महिन्यांची तपासणीची वही काढली. प्रत्येकाच्या मालातले थोडे कप नमुन्याला यायचे. वहीत रकाने तीन: कामगाराचा नंबर, कप चांगला, कप बाद. शिकवणीतून गेलेल्यांचे हजार कप आणि न गेलेल्यांचे हजार कप तिने वेगळे काढले आणि बेरीज केली.

शिकलेल्यांच्या हजारात शंभर बाद. न शिकलेल्यांच्या हजारात सत्तर.

तिने पुन्हा मोजलं. मग पेन बदलून मोजलं. पेन बदलल्याने आकडे बदलत नाहीत हे तिच्यासारख्या शिकलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं, पण माणूस अडला की काय काय करतो. मावशीचा हात लागलेला माणूस न लागलेल्यापेक्षा जास्त कप फोडतो, असंच आकडे म्हणत होते. घरची बाई म्हणून कागद दाबून ठेवला तर मग ती कसली आकडेबाई? असं म्हणून तिने तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. घरी मात्र काही बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करत तीन दिवस काढले, आणि चौथ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर सूचना लागली: शिकलेल्यांच्या हजार कपांत शंभर बाद, न शिकलेल्यांच्या हजारात सत्तर, सबब महिनाअखेर शिकवणीची खोली बंद. मावशींची नेमणूक खोकी चिकटवण्याच्या विभागात.

त्या संध्याकाळी खडू घरी आली तेव्हा मावशी नेहमीसारखी ओट्यापाशी होती. तिने कप भरला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या चहा."

खडूने मागे वळून पाहिलं. वाटलं, कुणी पाहुणे आलेत. मागे कुणीच नव्हतं.

"मावशी, मी सांगणार होते..."

"आकडे खोटे आहेत का?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्ही तुमचं काम केलंत." मावशीने स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "मलाही वाटत होतंच. हात म्हातारे झाले असतील. दाब कळेनासा झाला असेल. माणसाला स्वतःचं लवकर कळत नाही."

"असं नको ना बोलूस."

"साखर कमी असेल तर सांगा."

मावशी चिडली असती, तर खडूला चाललं असतं. मावशीचा राग तिला पाठ होता, तो अर्ध्या तासात उतरायचा. पण हे 'अहो-जाहो' भलतंच होतं. वीस वर्षांत मावशीने तिला कार्टे म्हटलं, ढालगज म्हटलं, एकदा तर भर रस्त्यात भोपळा म्हटलं, पण 'तुम्ही' कधीच नाही. त्याहून वाईट म्हणजे ती स्वतःच्या हातांकडे परक्यासारखी बघत होती. दुसऱ्या दिवशी डाळ ढवळताना, तिसऱ्या दिवशी दाराची कडी लावताना, ती क्षणभर थांबायची आणि बोटं चोळायची. खडूच्या जिवाला ते पाहवेना.

खरं सांगायचं तर या पोरीने एक गोष्ट केलीच नव्हती, जी तिने सगळ्यात आधी करायला हवी होती. दोन हजार कपांचा निकाल लावून मोकळी झाली, पण आयुष्यात एका कपाला कान लावून पाहिला नव्हता. कान लावणाऱ्या बाईच्या घरात वाढूनसुद्धा! शेवटी शनिवारी अर्धी रजा टाकून ती कान लावायच्या दालनात गेली आणि म्हणाली, "मला बसू द्या."

तिथल्या बायकांना आयती करमणूक मिळाली. "या, या आकडेबाई! आज पेन नाही आणलं?" एकीने तिला एप्रन बांधला. जिच्या शेजारी बसवलं ती सतत गुणगुणत असायची, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. रेडिओने तिच्यापुढे दहा जाड कप ठेवले, उपाहारगृहांत असतात तसे, आपटले तरी टेबल फुटावं असले.

खडूला वाटलं, जमेल. कारण मावशीच्या खोलीतल्या मोठ्या पाटीवरचे चौदाच्या चौदा नियम तिला पाठ होते. ती पाटी काकांनी रंगवलेली. काका कारखान्यातच पाट्या रंगवायचे, 'सावकाश चाला'पासून 'येथे थुंकू नये'पर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. मावशीने सांगितलेले नियम त्यांनी निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत उतरवले होते, आणि खडू अक्षर लावून वाचायला शिकली ती त्याच पाटीवर. तेव्हा ती मनातल्या मनात म्हणत सुरू झाली. नियम पहिला, हात धुऊन, नखं कापून बसावे. नियम चौथा, कप आणि कान सारखेच ओले असावेत. नियम सातवा, घोळ ठिपक्याएवढा लावावा, थापू नये.

दहा कपांपैकी चार तिने हातातच वाकडे केले. तीन कपांचे कान ठेवल्या ठेवल्या गळून पडले. उरलेले तीन रेडिओने हातात घेऊन फिरवून पाहिले आणि मायेने म्हणाली, "हे भट्टीत नकोच पाठवूया. भट्टीचं मन मोडेल."

"चौदाही नियम पाळले मी," खडू म्हणाली.

"कप काही नियम वाचत नाही, बाई."

सगळ्या हसल्या. खडूही हसली, पण ते वाक्य तिने पदराला गाठ मारल्यासारखं मनात ठेवलं. मग पलीकडच्या टेबलावरचे कप दिसले. कागदासारखे पातळ, उजेडात धरले तर बोटांची सावली दिसेल असे. ती म्हणाली, "मला त्यातला एक देता का? बघते तरी."

गुणगुणणं थांबलं. "ते? छे! ते मावशीच्या हाताखालून गेलेल्यांनाच. शिकली नाही ती जाडावर, शिकली की पातळावर. फारच घाई असली तर एखादी इकडची तिकडे बसवतात, पण मग फुटतात ना धडाधड."

खडू हातात गळालेला कान धरून तशीच बसून राहिली.

"हे कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं. आणि जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी वहीत लिहीत नाही, म्हणून ते आकडेबाईला तेवढं माहीत नव्हतं. तपासणीच्या वहीत कप म्हणजे कप. जाड काय, पातळ काय, रकानाच नाही. मावशीला सांगता आलं असतं, पण मावशीने आकडा पाहिला तो फळ्यावर, बेरीज होऊन आलेला. तो कसा आला हे तिला ठाऊक नव्हतं, आणि भाचीचे आकडे चुकत नाहीत एवढं मात्र ती वीस वर्षं सगळ्या शेजारपाजाऱ्यांना सांगत आली होती.

खडू एप्रनसकट पळाली, तपासणीची वही उचलली आणि थेट भट्टीवर गेली. भट्टी सांभाळायचे अण्णा. मोठे खवट म्हातारे, पण पातळ कप वरच्या खणात आणि जाड खालच्या खणात लावावे लागतात म्हणून भट्टीत ढकलायच्या कुठल्या गाडीच्या कुठल्या खणात कुठला माल होता याची स्वतःची वही ठेवणारे. तपासणीच्या वहीला टाचलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गाडीचा आणि खणाचा नंबर असायचा. म्हणजे दोन वह्या शेजारी ठेवल्या की प्रत्येक कपाची जात कळत होती.

"अण्णा, तुमची वही द्या."

"हात धू आधी. वहीला माती लावशील."

तिने हात धुतले आणि अण्णांच्या कोपऱ्यात फरशीवरच बसली. खडू मागून घेतला. जुनी सवय. अण्णा नंबर वाचत गेले, ती फरशीवर रेघा मारत गेली. चार वाजता सुरू केलं ते सहा वाजता संपलं, आणि अण्णांना तोवर तीनदा शिंका आणि एकदा राग येऊन गेला.

शिकलेल्यांच्या हजार कपांत जाड होते फक्त दोनशे, त्यातले चार बाद. पातळ आठशे, त्यातले शहाण्णव बाद. न शिकलेल्यांच्या हजारात जाड नऊशे, त्यातले पंचेचाळीस बाद. पातळ शंभर, त्यातले पंचवीस बाद.

"म्हणजे काय ते माणसाला कळेल असं सांग," अण्णा म्हणाले.

"म्हणजे जाड कप असेल तर शिकलेली बाई शंभरात दोन फोडते, न शिकलेली पाच. पातळ असेल तर शिकलेली बारा, न शिकलेली पंचवीस. दोन्हीकडे मावशी जिंकते. मी जाड आणि पातळ एकाच टोपलीत टाकले आणि मावशीला हरवलं."

अण्णांनी डोकं खाजवलं. "जिना चढणारा धापा टाकतो. सपाटीवरचा शीळ घालत जातो. तू धापा मोजल्यास आणि म्हणालीस, जिना चढणाऱ्याचे पाय कमजोर."

"अगदी तसंच." पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात, परीक्षेत यात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. अमुक ठाऊक असताना तमुक घडायची शक्यता किती, हे विचारायचं. ती 'अमुक' विचारायलाच विसरली होती. आणि पैकीच्या पैकी मिळालेली माणसंच असल्या चुका करतात, कारण त्यांना कुणी टोकत नाही.

आता दुसरी एखादी असती तर नाचत घरी गेली असती. पण पोळलेली पोर ताक फुंकून पिऊ लागली होती. साहेब काय विचारतील? विचारतील, मावशी मुळात चांगल्या हातांच्याच बायका निवडत असतील. मग गुण शिकवणीचा कशावरून? त्याचं उत्तर मात्र तिला घरबसल्या ठाऊक होतं. मावशीच्या खोलीत स्टुलं होती सहा. महिन्याला जे नवे लागत त्यातले फाटकातून आधी आत आलेले सहा शिकवणीला बसत, सातव्याला स्टूल नाही म्हणून तो सरळ टेबलावर. मावशी दर वर्षी आणखी स्टुलं मागायची, भिंतीलगत स्टुलं ठेवली तर पाटी झाकली जाईल, म्हणून जागा नाही असं तिला सांगण्यात यायचं. सहावा आणि सातवा यांच्यात फरक काय, तर एकाची बस दोन मिनिटं आधी आली. बस लवकर येण्याचा आणि हाताच्या कसबाचा एकमेकांशी काही संबंध नाही. ही दोन्ही स्वतंत्र. तेव्हा साहेबांच्या प्रश्नाला सहा स्टुलं पुरेशी होती.

तिथेच थांबली असती तर गोष्ट गोडीगुलाबीत संपली असती. पण रेडिओचं वाक्य डोक्यातून जाईना. कप काही नियम वाचत नाही.

शिकवणीचे पहिले दोन दिवस पाटीचे. चौदा नियम मोठ्याने वाचायचे, अर्थ समजून घ्यायचे, पाठ करायचे. जो न अडखळता म्हणून दाखवील त्याला मावशीकडून पेपरमिंटची गोळी आणि तिच्या छोट्या वहीत नावापुढे बरोबरची खूण. उरलेले दोन दिवस हाताचे. मावशी मागे उभी राहायची, शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवायची आणि दोनशे कप त्याच्यासह लावायची, एक शब्द न बोलता. खडूने मावशीच्या खोलीतून ती खुणांची वही आणली आणि शिकलेल्यांचे आठशे पातळ कप पुन्हा दोन भागांत टाकले. गोळी मिळालेल्यांचे पाचशे कप, बाद साठ. गोळी न मिळालेल्यांचे तीनशे, बाद छत्तीस.

शंभरात बारा आणि शंभरात बारा. नियम पाठ आहेत हे कळलं काय नि न कळलं काय, कपाच्या नशिबात तसूभर फरक पडत नव्हता. पाठांतर एकीकडे, तडा एकीकडे, दोघांची ओळखच नाही. जे काही होत होतं ते शेवटच्या दोन दिवसांत, हातावर हात ठेवून होत होतं.

खडूने फरशीवरचा तो आकडा पुसला. मग पुन्हा लिहिला. हे सांगितलंच पाहिजे असं थोडंच होतं? साहेबांनी विचारलं नव्हतं. मावशीचं पारडं जड झालंच होतं, काकांची पाटी बिचारी भिंतीवर होती तिथे राहिली असती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली. मावशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. खडू समोर जाऊन बसली आणि आधी चांगली बातमी सांगितली. जाड, पातळ, जिना, सपाटी, सगळं. मावशी ऐकत होती. शेंगा मोडणं चालूच होतं.

"म्हणजे माझे हात..."

"तुझे हात ठणठणीत आहेत. चूक माझी होती. उद्या साहेबांसमोर तसंच सांगणार आहे."

मावशीने हातातली शेंग खाली ठेवली. डोळे भरून आले तिचे, पण आवाज कोरडा ठेवला. "बरं झालं बाई. चांगलं शोधलंत."

अजून 'तुम्ही'च. खडू म्हणाली, "अजून एक आहे. ते मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते. तू नको म्हणालीस तर..." आणि मग गोळीचं, पाठांतराचं, बारा आणि बाराचं, एका दमात सांगून टाकलं. सांगताना ती मावशीकडे न बघता शेंगांकडे बघत होती.

मावशीने शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "खडू, माझ्याकडे बघ."

खडूने झटकन मान वर केली.

"मला माहीत होतं ते."

"काय?"

"अगं, बावीस वर्षं शिकवतेय मी. पाटीने कुणी शिकत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं. तुझ्या काकांनाही मी सांगितलं होतं. ते म्हणाले, असू दे, भिंत तरी बरी दिसते." ती हसली. "ते होते तोवर एकच दिवस असायचा पाटीचा. ते गेले, आणि मी दोन केले. दर महिन्याला सहा नवी माणसं येतात, त्यांना ते कोण हेही ठाऊक नसतं. पण मोठ्याने वाचतात ना त्यांचं अक्षर. बसून ऐकते मी. तेवढंच." तिने पदराने नाक पुसलं. "कारखान्याचे दोन दिवस खाल्ले मी दर वेळी. लबाडीच म्हणायची."

 खडूने मावशीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. गवारीचा वास येत होता त्यांना.

"मग नको सांगू?"

"सांगायचं नाही तर काय! माझ्या फायद्याचं तेवढं सांगितलंस तर लोक म्हणतील, भाची आहे, बोलणारच. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धंही खोटं वाटतं." मग म्हणाली, "मला राग आकड्याचा नव्हता, कार्टे. मी ते फळ्यावर वाचलं, सगळ्यांच्या मागे उभी राहून, टाचा उंचावून. तू घरात माझ्यासमोर तीन दिवस जेवत होतीस."

खडूला रडूच फुटलं. लहानपणी फुटायचं तसं, नाकातून.

"चौदावा नियम काय?" मावशीने विचारलं.

"भट्टीआधी मोडलं तर रडू नये," खडू हुंदके देत म्हणाली, "माती परत भिजते."

"मग? महिनाअखेर यायची आहे अजून. पूस डोळे आणि या शेंगा मोड."

सोमवारी साहेबांच्या खोलीत खडूने आधी आपली चूक सांगितली. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, जाडाचे आणि पातळाचे आकडे बोटाने जुळवून पाहिले, आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "चांगल्या हातांच्याच बायका निवडत असतील तर?" खडूने स्टुलांचं सांगितलं. ते हसले. मग तिने तिसरा कागद पुढे केला.

"म्हणजे पहिल्या दोन दिवसांचा उपयोग नाही, असं तुम्हीच म्हणताय?"

"आकड्यांत दिसत नाही, साहेब. मावशींनाही ठाऊक आहे. त्याच म्हणाल्या, सांग."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. त्यांची मूळ तक्रार चार दिवसांची होती, आणि इथे शिकवणारी बाई स्वतःच दोन दिवस परत करत होती. "चार दिवसांत सहा माणसं शिकत होती. दोन दिवसांची शिकवणी केली तर महिन्याला दोन तुकड्या होतील. आणि ती पाटी काढली, तर भिंतीलगत आणखी दोन स्टुलं मावतील का?"

"मावतील," खडू म्हणाली.  "मी मोजलंय."

सूचना दुपारीच फळ्यावरून उतरली. खोली राहिली, मावशी राहिली. रेडिओने उरलेला दिवस वरच्या पट्टीत गुणगुणत काढला, आणि संध्याकाळपर्यंत दोन नवी स्टुलं येऊन पडली, पाय अजून कागदात गुंडाळलेले.

पाटी उतरवायला अण्णा आले. खिळे गंजले होते, ते निघेनात तेव्हा अण्णांनी त्या खिळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पाटीमागे भिंतीवर एक फिक्या रंगाचा चौकोन उरला. मावशी त्याच्याकडे पाहत उभी राहिली, मग फडकं आणून तिथली धूळ पुसली आणि म्हणाली, "चला, उद्या आठ जण यायचेत."

पाटी त्यांनी घरी नेली. एक टोक अण्णांकडे, एक खडूकडे, मध्ये मावशी रस्ता दाखवत, "जपून, डावीकडे, अहो अण्णा, डावीकडे म्हणजे तुमच्या दुसऱ्या डावीकडे!" घरात आणल्यावर कळलं की ती कुठल्याच भिंतीवर मावत नाही. लांबी मोजायची मात्र या आकडेबाईला सुचली नव्हती. शेवटी स्वयंपाकघरात टेबलामागे जमिनीवरच टेकवून ठेवली. अर्धी खिडकी झाकली गेली. शेवटचे चार नियम टेबलाच्या पायांमागे गेले.

अण्णा चहा पिऊन गेले. खडू टेबलाशी बसली. मावशी ओट्याकडे तोंड करून उभी होती, भांड्यात पाणी घालत.

"खडू."

"हं?"

"वाच की."

"मावशी, मला पाठ आहेत सगळे."

"पाठ कुणी मागितलंय? पाठ काय, कुणीही म्हणेल." मावशीने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "अक्षरावर बोट ठेवून वाच. लहानपणी वाचायचीस तसं."

खडू उठली, पाटीसमोर टेबलावरच मांडी घालून बसली आणि पहिल्या पांढऱ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"नियम पहिला," ती मोठ्याने वाचू लागली.